सुटीला आलेल्या मुलाला आधी माळवद मोजू द्या

मे महिना लागला की सेनगाव तालुक्यातली शेते मोकळी दिसू लागतात. हळद काढून, शिजवून, वाळवून झालेली असते, नांगरट उरकलेली असते, आणि गावात लग्नसराई व पाण्याची ओढाताण एवढ्या दोनच गोष्टी चालू असतात. याच दिवसांत पुण्या-मुंबईला, नाही तर छत्रपती संभाजीनगरला शिकणारी मुले घरी येतात. त्यांत हल्ली एखादा मुलगा किंवा मुलगी वास्तुकलेच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या, कॉलेजातली असते. एस.टी.तून उतरताना पाठीवर नकाशांचे लांब नळकांडे असते, त्यावरून ती ओळखू येतात. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. फी भरता भरता बापाच्या तोंडाला फेस येतो आणि "पोरगं शिकून होणार काय?" असे पारावर कोणी विचारले तर त्याला धड सांगताही येत नाही.

तेव्हा वाचकहो, आधी तेवढे सांगून टाकतो. वास्तुकला म्हणजे वास्तुशास्त्र नव्हे. आग्नेयेला चूल आणि ईशान्येला देव, एवढे सांगून दक्षिणा घेणारा तो हा नव्हे. घर कसे बांधावे, उजेड-वारा कोठून घ्यावा, पाणी कोठून काढून द्यावे, माणसाला त्यात कसे राहता येईल, याचा विचार करून नकाशा करणारा तो वास्तुविशारद. त्यासाठी १९७२ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला असून त्याखाली नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. डॉक्टर-वकिलासारखाच हा पेशा आहे.

आता प्रश्न सुटीचा. या मुलांची धाव बहुधा शहरातल्या एखाद्या कचेरीकडे असते. तेथे दीड-दोन महिने बिनपगारी बसून संगणकावर रेघा ओढायच्या आणि त्याचा दाखला आणायचा. ते वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण कचेरीतला सराव अभ्यासक्रमातच ठेवलेला असतो आणि शेवटच्या वर्षांत तो करावाच लागतो. पहिल्या दोन-तीन सुट्या तरी मुलाने आपल्या गावात, आपल्या घरात घालवाव्यात असे मला वाटते. त्याचे कारण तुमच्या डोक्यावरच आहे. ते म्हणजे तुमचे माळवद.

आपल्या भागातले जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर माती. त्याला कोणी धाबे म्हणते, कोणी माळवद. घर किती मोठे हे आपले वडीलधारे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. पाच खणांचे, सात खणांचे. अशी घरे दर वर्षी पडत आहेत. कोणी पाडून सिमेंटचा स्लॅब टाकतो, कोणी नुसतीच सोडून देऊन रानात पत्र्याचे घर करतो. घर पडले की ते कसे बांधले होते हे सांगणारा कागद मागे राहत नाही, कारण असा कागद कधी केलेलाच नसतो. स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन फिरला, मिळकतीच्या हद्दी निघाल्या, चांगले झाले. पण ड्रोनला वरून छप्पर दिसते. माजघरातले बळद त्याला कोठून दिसणार?

म्हणून पहिले काम घराचे मोजमाप. यासाठी लागते ते साहित्य गावातच मिळते. एक लांब टेप, गवंड्याचा ओळंबा, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, सुतळी आणि जाड पुठ्ठ्याला लावलेला कागद. टेपचे दुसरे टोक धरायला धाकटा भाऊ. भिंतीची जाडी दारात मोजावी, कारण तेथे ती उघडी सापडते. दाराची उंची, उंबऱ्याची उंची, कोनाड्यांची खोली, खांबाखालचा दगड, सगळे टिपावे. फोनने फोटो काढायला हरकत नाही, पण फोटोवर विसंबू नये. हाताने रेघ ओढताना माणूस ज्या गोष्टीपाशी अडतो ती गोष्ट त्याला कळलेली नसते, आणि मग तो विचारतो. विचारायचे ते आजीला. ओसरी रस्त्यापेक्षा इतकी उंच का? न्हाणीचे पाणी कोठे जाते? छताला धुराचे साणे याच जागी का ठेवले? बाळंतिणीची खोली कोणती? गुरे आत बांधत होते तेव्हा माणसांची वाट कोणती होती? आजी एकदा बोलू लागली की कॉलेजच्या पुस्तकात नसलेले अर्धे शास्त्र एका दुपारी मिळते.

याला जोडून एक छोटा प्रयोग सुचवतो. आम्ही शेतीखात्याची माणसे, पावसाची रोज नोंद ठेवायची सवय असलेली, म्हणून हे सुचते. बाजारातून साधे उष्णतामापक तीन आणावेत. एक माळवदाच्या खोलीत, एक स्लॅबच्या खोलीत (आपली नसेल तर शेजाऱ्याची) आणि एक पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीला न टेकता माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावे. पंधरा दिवस सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता आकडे लिहावेत. मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. त्या दिवसांत माती, सिमेंट आणि पत्रा यांत काय फरक आहे हे मुलाला शिकवावे लागणार नाही. पत्रा दुपारी भाजून काढतो पण दिवस मावळताच निवतो; स्लॅब मात्र रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. मातीच्या जाड छताखाली दिवस-रात्रीचा चढउतार सगळ्यांत कमी असतो.

हा नुसता माणसांच्या सुखाचा प्रश्न नाही, हेही सांगायला हवे. घरचे सोयाबीन बियाण्यासाठी ठेवणारी घरे आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ व नाजूक, आणि उष्णतेने व ओलीने त्याची उगवणशक्ती लवकर जाते. बियाणे म्हणून पेरायचे तर शंभरातले निदान सत्तर दाणे उगवले पाहिजेत. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पोती रचून ठेवायची आणि जूनमध्ये उगवण झाली नाही म्हणून नशिबाला दोष द्यायचा, असे मी दर वर्षी पाहतो. थंड, कोरडी, वारा खेळणारी खोली, जमिनीवर लाकडी फळ्या आणि सात पोत्यांपेक्षा उंच थप्पी नाही, एवढे पथ्य आहे. ती खोली घरातली कोणती, हे तीन उष्णतामापके सांगतील.

मातीचे ओझे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गावच्या वस्तीला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी. माळवदावर टाकायला काळी माती चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून गावठाणातली पांढरी माती टाकायची. दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, गळती थांबावी म्हणून माळवदावर नवी माती पसरायची ही पूर्वापार रीत. रीत चांगली, पण जुनी माती खाली काढायची रीत मात्र नव्हती. बापाने टाकली, आजाने टाकली, पणजाने टाकली. अशाने कित्येक घरांवर मातीचा थर फूटभराचा होता तो दीड-दोन फुटांवर गेला. आणि खालचे लाकूड तेच. तेही आता वाळवीने पोखरलेले.

मुलाला हिशेब करायला सांगा. एक घनफूट दाबून बसलेली माती अंदाजे पंचेचाळीस किलो भरते. दहा बाय दहाची खोली आणि वर दीड फूट माती, म्हणजे दीडशे घनफूट. पंचेचाळीसने गुणले की पावणेसात हजार किलो होतात. पावणेसात टन! पावसात भिजली की याहून जास्त. त्याखाली आपण मुलाबाळांसह झोपतो. कितीही शिकलेल्या माणसाला हा आकडा मांडून दाखवल्याखेरीज खरा वाटत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. भूकंपाने माणसे मारली असे आपण म्हणतो. खरे पाहता बहुतेकांना मारले ते घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या आणि मातीचे छत अंगावर आले. त्या भिंती दिसायला किल्ल्यासारख्या, पण आत दोन पापुद्रे. बाहेरच्या बाजूने दगड, आतल्या बाजूने दगड, मध्ये चिपा आणि माती. दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पापुद्रे सुटतात. त्याच भागात दुसरीही गोष्ट दिसून आली. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत व जोड पक्के होते, तेथे भिंती ढासळूनही छत खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. म्हणजे आपल्या खणाच्या घरात मरण होते तसे जीवदानही होते.

हे लातूर-धाराशिवकडचे, आपले काय, असे कोणी म्हणू नये. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत दुसरा, थोडा लहान. पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी तेवढाच मोठा धक्का बसला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होते. परभणी-नांदेडपर्यंत लोक घराबाहेर आले. औंढा, वसमत, कळमनुरी या भागांत जमिनीतून गूढ आवाज येतात हे तर वर्षानुवर्षे आपण ऐकत आलो आहोत. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली होती, की पत्र्यांवर दाब म्हणून ठेवलेले मोठे दगड खाली उतरवा. ती सूचना कितींनी पाळली हे आपापल्या पत्र्यावर नजर टाकून पाहावे. दगडांऐवजी पत्रे हूक-बोल्टने आवळून घेतले तर वादळाचेही भय राहत नाही.

घाबरवावे असा हेतू नाही. धक्के लहान होते आणि पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण घरात वास्तुकलेचे पोर असताना माळवदावर किती माती आहे हे माहीत नसावे, हे बरे नव्हे. या उन्हाळ्यात नवी पाटी टाकण्याआधी त्याला वर चढून दोन-तीन जागी गज खुपसून थराची जाडी मोजू द्या. खालून प्रत्येक तुळई व कडी टोचून पाहू द्या. कोठे पोकळ वाजते, कोठे वाळवीची माती दिसते, कोठे मध्ये वाकली आहे. ओळंबा लावून भिंतीला पोट सुटले आहे का ते पाहू द्या. हे सगळे नकाशावर उतरले की घराची जणू नाडी हाती येते.

त्यापुढचे काम मात्र पोराने एकट्याने करू नये. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी जुन्या घरांसाठी जे उपाय सांगितले ते असे: छतावरची माती आठ इंचांच्या आसपास आणावी, गळती थांबवायला मातीच्या थरात जाड प्लॅस्टिकचा कागद घालावा, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे टेकू मारून जोड पक्के करावेत, भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरून दोन्ही पापुद्रे बांधावेत आणि वरच्या अंगाला चारी भिंतींभोवती जाळी व सिमेंटचा पट्टा फिरवावा. मुलाने मोजमापे आणि हिशेब तयार करावा, कॉलेजातल्या गुरुजींना दाखवावा, स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि मगच कुदळ उचलावी. माती काढताना आत कोणी बसू नये. ती दोन्ही बाजूंनी थोडीथोडी, सारखी उतरवावी. एका बाजूला ढीग घालू नये. वर चालताना पाय तुळयांच्या रेषेवर ठेवावा. दहा बाय दहावर अर्धा फूट माती उतरली तरी सव्वादोन टन ओझे कमी होते. आणि आठ इंच माती राहिली तर घराचा गारवा जात नाही. ज्यांना माळवद पाडून स्लॅब टाकायची घाई झाली आहे त्यांनी आधी हा हिशेब करून पाहावा.

गवंड्याच्या हाताखाली

सकाळचा वेळ मोजमापात गेला तर पंधरा-वीस दिवस मुलाने गावातल्या गवंड्याच्या, सुताराच्या हाताखाली काढावेत. येथे आईबापांची अडचण होते. "इंजिनेरीसारखं शिकतंय आणि घमेली उचलतंय" असे लोक म्हणतील याची लाज वाटते. ती बाळगू नये. ज्याने स्वतः दगडाचे तोंड पाहिलेले नाही, ज्याला माती मळताना भुसा किती घालायचा हे हाताला कळत नाही, त्याने काढलेल्या नकाशावर गवंडी हसतो, आणि बरोबरच हसतो. लॉरी बेकर हे मूळचे इंग्रज, १९४५ साली भारतात आले, पुढे केरळात राहून त्यांनी कमी खर्चाची, विटांची सुंदर घरे बांधली आणि २००७ साली तेथेच वारले. ते कारागिरांबरोबर कामावर उभे राहून घरे बांधत. घराचे साहित्य पाच मैलांच्या आतले असावे हा गांधीजींचा विचार आपल्या मनात बसला असे ते सांगत. त्या विचाराचे घर पाहायचे तर केरळात जायला नको. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ साली झालेली माती-बांबूची बापू कुटी आहे. एका सुटीत दोन दिवस काढून मुलाने ती पाहून यावी आणि येताना आपल्या औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाची दगडी बांधणी, एरवी दर्शन घेऊन आपण निघतो तशी नाही, तर थांबून पाहावी.

काळ्या मातीचे शिक्षण मात्र ते पोर तुमच्याकडूनच घेऊ शकते. काळ्या रानात बांधलेल्या घराच्या भिंती का चिरतात हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मेमध्ये भेगा रुंद असतात तेव्हा त्याला शेतात न्या, भेगेत काठी घालून खोली मोजू द्या. मग विहिरीच्या कडेला उभे करून काळी कोठे संपते आणि मुरूम कोठे लागतो ते दाखवा. पाया मुरमापर्यंत का न्यायचा, हे त्याला जन्मभर पाठ होईल. गोठ्याचेही तेच. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाची तिरीप कमी येते, मूत्र वाहून जायला तळाला उतार हवा, गव्हाण गाईच्या बेताची हवी. या गोष्टी गुरे राखणारी माणसे जाणतात, नकाशा काढणारी सहसा जाणत नाहीत. गोठ्याचा एक नकाशा पोराकडून करवून घ्या आणि चुकला तर बिनदिक्कत सांगा.

मुलगी शिकत असेल तर एक विनंती आहे. सुटीत आली की तिला पापड-कुरडयांना आणि पाहुण्यांच्या चहाला जुंपतात. तिच्या हाती टेप द्या आणि शिडी धरायला भावाला उभे करा. खरे तर चुलीपाशी, न्हाणीत, बाळंतिणीच्या खोलीत मोजमाप घ्यायला आणि बायकांकडून ऐकून घ्यायला तिच्याइतके योग्य कोणी नाही. किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली. तेथे सरळ रस्ते आणि रांगेने घरे झाली, शहरातल्या वसाहतीसारखी. पण घरापाशी गुरे कोठे बांधायची, भावकी आणि शेजार विखुरला त्याचे काय, दुपारी बायकांनी धान्य निवडत कोठे बसायचे, असे प्रश्न उरले. लोकांनी मग आपापल्या परीने पडव्या काढल्या, शेड घातल्या. कोणाचे नातेवाईक तिकडे असतील तर एका सुटीत तेथे आठवडाभर राहून लोकांनी सरकारी घरात काय काय बदलले, एवढेच टिपून आणले तरी मोठा अभ्यास होईल. उद्या घरकुलाचे नकाशे हीच मुले काढणार आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट धरले आहे. त्यात सोयाबीनची पोती, दोन शेळ्या आणि म्हातारी आई कशी बसवायची, याचे उत्तर मुंबईच्या कचेरीत नाही.

तयार झालेले नकाशे घडी घालून ट्रंकेत टाकू नयेत. एक प्रत शाळेत भिंतीला लावावी, एक ग्रामपंचायतीत द्यावी. दुसऱ्या वर्षी शेजारचे घर घ्यावे, तिसऱ्या वर्षी देऊळ, बारव किंवा पडायला आलेला वाडा. मालकाची परवानगी घ्यावी आणि कोणाच्या घरातली तिजोरी-दागिन्यांची जागा नकाशावर दाखवू नये.

आणि कॉलेज लवकर उघडणार नसेल तर मुलाने मृगाचा पहिला मोठा पाऊस गावातच घ्यावा. त्या रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक खोलीत फिरावे, कोठे थेंब पडतो, कोणती भिंत ओली होते, पन्हळीचे पाणी पायात मुरते की दूर जाते ते पाहावे आणि नकाशावर त्या त्या जागी लाल पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी.